आजीच्या माघारी: फॅमिली पेन्शन, रेकॉर्ड ऑफिस आणि आत्याची जन्मतारीख

आजी ११ जानेवारी २०२४ ला पहाटे गेली. खटाव तालुक्यातल्या आमच्या घरी, झोपेतच. आधारकार्डाप्रमाणे वय ७८. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झाले होते आणि २००४ साली वारले. तेव्हापासून आजीला फॅमिली पेन्शन होती. त्या पेन्शनीवर आजी आणि माझी आत्या अशा दोघींचं घर चालायचं. आत्याचे यजमान २००३ मध्ये मुंबईत वारले, मूलबाळ नाही, म्हणून ती माहेरी परत आली आणि ब्लाउज शिवून चार पैसे मिळवत राहिली.

पेन्शनर गेला की पेन्शन थांबते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. तीच पेन्शन पुढे विधवा मुलीला मिळू शकते, हे घरात कुणाच्याच गावी नव्हतं. तिसऱ्या दिवशी सावडायला आलेल्या गावातल्या एका निवृत्त सुभेदारकाकांनी ते सांगितलं. म्हणाले, "पोरी, रडायचं ते रड. पण एकवीस दिवसांत मयताची नोंद कर आणि ट्रंकेला कुणाला हात लावू देऊ नकोस." त्यानंतर जे काही झालं ते क्रमाने लिहिते आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे घरटी एक माणूस फौजेत असतो, आणि ही वेळ आज ना उद्या त्या सगळ्या घरांवर येते.

पहिलं काम मृत्यूच्या दाखल्याचं. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर विशेष काही लागत नाही. नंतर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. आमचा दाखला ग्रामपंचायतीतून आठवड्याभरात मिळाला. अर्ज लिहिण्याआधी पेन्शनचे कागद समोर ठेवा. आजी आधारवर 'सुलोचना' होती आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, 'सुलोचनाबाई'. काकांनी आधीच बजावलं होतं, म्हणून दाखल्यावर 'सुलोचना ऊर्फ सुलोचनाबाई' असं लिहून घेतलं. त्या एका 'ऊर्फ'ने पुढे किती हेलपाटे वाचवले ते मला माहीत आहे. दाखल्याच्या सहीशिक्क्याच्या प्रती एकदमच भरपूर काढून ठेवा. प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत मागतात.

दुसरं, आणि हे घाईने करायचं: पेन्शन खात्याचं एटीएम कार्ड बाजूला ठेवा. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन आपली असते, त्यानंतरचा रुपयाही सरकार परत घेतं. जानेवारीअखेर आजीच्या खात्यात नेहमीसारखी पूर्ण रक्कम जमा झाली, कारण आम्ही कळवण्याआधीच महिन्याचं बिल निघालं होतं. शेजारच्या गावात एकाने असे पैसे तेराव्याला खर्च केले आणि नंतर हप्त्याने भरले. आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याला जाऊन स्पर्श या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर मृत्यू कळवला. संरक्षण खात्याच्या पेन्शनी आता बहुतेक सगळ्या स्पर्शवर आल्या आहेत, कारभार प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाकडे. स्वतःला जमत नसेल तर सेवा केंद्रात जा. तिथे आजीचा पीपीओ, मृत्यूचा दाखला, आधार आणि वारसाचं बँक पासबुक लागलं.

आता ट्रंकेबद्दल. फौजी घरांत ती असतेच. काळा रंग, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आमची माळ्यावर होती आणि तिची किल्ली आजीच्या कनवटीला. आजीने एकही कागद टाकला नव्हता. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं नोंदीचं पुस्तक), जुना पीपीओ, दर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याच्या पावत्या, कँटीनची बिलं तारेत ओवून वर्षावार. आजोबांच्या मेडलांत एक पूर्वी स्टार होता, १९७१ च्या पूर्व आघाडीचा. तुमच्या घरी कागद सापडत नसतील तर मेडलची कड बघा. तिच्यावर बारीक अक्षरांत सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, आणि नंबर मिळाला की रेकॉर्ड ऑफिसशी, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाशी, बोलणं सुरू करता येतं.

कागद लावता लावता मला आजीचा हिशेब कळत गेला. लग्न १९६४ मध्ये. आजोबा तेव्हा शिपाई, वर्षाकाठी सुट्टीला येणार. पहिली कित्येक वर्षं ती सासरी, नवऱ्याशिवाय. फौजेच्या बोलीत 'फील्ड' (सीमेकडची नेमणूक, कुटुंबाशिवाय) आणि 'पीस' (शांत छावणीतली) असे दोन काळ असतात. आजोबा पीसला झाशीला गेले तेव्हा फॅमिली क्वार्टर मिळाली आणि आजी पहिल्यांदा आगगाडीत बसली. तिथे शेजारी पंजाबी, गढवाली, तमिळ बायका. तिथल्या वेल्फेअर सेंटरमध्ये ती सही करायला आणि वाचायला शिकली. आणि स्वेटर विणायला. खटावात स्वेटर घालायचे दिवस वर्षातून मोजून मिळतात, तरी दर हिवाळ्यात तिच्या सुया सुरूच. आम्हा नातवंडांकडे इतके स्वेटर आहेत की आम्ही लडाखला राहतो असं वाटावं.

मी सातवीपर्यंत तिच्याकडे वाढले, कारण आईपप्पा दोघंही मुंबईत नोकरीला आणि घर एका खोलीचं. पहाटे पाचला तिची हाक, "चल, फॉलिन!" म्हणजे फौजेतलं 'रांगेत उभे राहा'. शाळेचे बूट ती स्वतः पॉलिश करायची. कापसाच्या बोळ्यावर पाण्याचा थेंब घेऊन गोल गोल फिरवत, तोंड दिसेपर्यंत. आजोबांची रीत. गावातल्या शाळेत निम्मी पोरं अनवाणी यायची, आणि माझ्या बुटांत गुरुजींना भांग पाडता आला असता. मला लाज वाटायची. एकदा म्हटलं, राहू दे ना गं. ती म्हणाली, "हवालदाराची नात हायस. मळके बूट घालून हिंडायचं न्हाई." नंतरची माझी वसतिगृहाची फी, पुस्तकं, एसटीचा पास हे सगळं ती पेन्शनीतून द्यायची. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी ती त्याला पेन्शन कधी म्हणाली नाही. "ह्यांचा पगार झाला का बघून ये," असंच.

बँकेचं काम लवकर उरकेल असं वाटलं होतं. खात्याला नॉमिनी होता, पण नॉमिनी म्हणजे आजोबा, जे वीस वर्षांपूर्वी गेले. जिथे खातं होतं त्या शाखेत कधी कुणी ते विचारलं नाही, आणि आता मात्र वारसांचे अर्ज, हमीपत्र, दोन जामीनदार, पप्पांचं नाहरकत पत्र, सगळं मागितलं. प्रत्येक वेळी एक नवा कागद निघायचा. शेवटी मी शाखाधिकाऱ्यांना म्हटलं, "साहेब, काय काय लागतं ते एकाच कागदावर लिहून द्या." त्यांनी दिलं, आणि त्यानंतर नवीन काही निघालं नाही. रक्कम थोडी होती म्हणून न्यायालयातून वारसाहक्क प्रमाणपत्र आणावं लागलं नाही. जानेवारीची जमा झालेली रक्कम परत गेली होती, त्यातली जगलेल्या दिवसांची पेन्शन, ज्याला एलटीए म्हणतात, तीही जूनमध्ये आली. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड पॉलिक्लिनिकमध्ये आणि कँटीनचं कार्ड कँटीनमध्ये जमा केलं, दोन्हीकडे पोच घेतली. सात-बारावर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्यांकडे दिला. ही कामं वेळ खातात, डोकं खात नाहीत.

डोकं खाल्लं ते आत्याच्या पेन्शनीने.

नियम थोडक्यात असा. सैनिकाची मुलगी विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित असेल, आईवडिलांवर अवलंबून असेल आणि तिचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल, तर वयाच्या पंचविशीनंतरही आईवडिलांच्या पश्चात तिला फॅमिली पेन्शन मिळू शकते. मर्यादा दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरची महागाई सवलत. जानेवारी २०२४ ला ती सवलत ५० टक्के होती, म्हणजे १३,५०० रुपये. मुलगी आईवडिलांच्या हयातीत विधवा झालेली असावी लागते. आत्या सगळ्यात बसत होती. कागद असे जमवले: अर्ज, आजीआजोबांचे मृत्यूचे दाखले, दोन्ही पीपीओ, आत्याच्या यजमानांचा मृत्यूचा दाखला (मुंबई महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातून), पुनर्विवाह न केल्याचं प्रतिज्ञापत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार, तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, पप्पांचं नाहरकत पत्र. उत्पन्नाच्या दाखल्याचं शुल्क तेव्हा तीस-चाळीस रुपयांच्या घरात होतं, प्रतिज्ञापत्राला शंभराचा स्टॅम्प आणि नोटरीचे दोनशे. खरा खर्च एसटीचा आणि माझ्या बिनपगारी रजांचा. तहसीलच्या आवारात एकजण दहा टक्क्यांवर "पेन्शन चालू करून देतो" म्हणत भेटला. त्याच्या नादी लागू नका. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हेच मार्गदर्शन फुकट मिळतं, आणि समोर बसलेला माणूस बहुधा स्वतःच फौजी असतो.

मार्चअखेर सगळं बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. जूनमध्ये उत्तर आलं: या नावाच्या आणि या जन्मतारखेच्या मुलीची नोंद सैनिकाच्या कागदपत्रांत नाही.

आत्या ते पत्र हातात घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, "म्हंजी मी ह्यांची कोण न्हाईच का?" मला काही बोलता आलं नाही. डिस्चार्ज बुकात बघितलं, तर कुटुंबाच्या रकान्यात आजी आणि पप्पा. मुलगी नाहीच.

जुलैमध्ये मी आणि आत्या साताऱ्याहून रेल्वेने बेळगावला गेलो. आधी फोन करून कुठल्या विभागात जायचं ते विचारून घेतलं होतं, ते बरं झालं. ओळखपत्र, सैनिकाचा नंबर आणि आलेल्या पत्राचा संदर्भ क्रमांक जवळ ठेवा. गेटवर वेळ जातो, तर सकाळी लवकर पोचा. आतल्या साहेबांनी आत्याला "बसा ताई" म्हणून पाणी दिलं आणि आजोबांचा जुना शीट रोल, म्हणजे सैनिकाच्या नोकरीचा आणि कुटुंबाचा नोंदपट, मागवला. त्यात मुलगी होती! जन्म ६ जानेवारी १९७२. नावाचा रकाना मात्र कोरा. आणि आत्याच्या सगळ्या कागदांवर जन्मतारीख १ जून १९७१.

खेड्यातल्या शाळेत नाव घातलेल्या कुणालाही हा १ जून वेगळा सांगायला नको. माझ्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. पोर शाळेत घालायचं तर वय भरलं पाहिजे, म्हणून गुरुजी जूनची तारीख टाकायचे. साहेब समजून हसले, पण म्हणाले, नोंदीतली मुलगी तीच ही, एवढं सरकारी कागदाने सिद्ध करून द्या, आम्ही पुढे पाठवतो. काय काय चालेल ते त्यांनी लिहून दिलं.

घरी येऊन मी ट्रंक पुन्हा उपसली. तळाशी आजोबांच्या नावाची पत्रं होती, आजीने धाडलेली, त्यांनी परत आणलेली. पत्ता इंग्रजीत: नंबर, नाव, पलटण, मार्फत ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. आजोबा पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. ती पलटण डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तरी आपली फौज मार्चपर्यंत बांगलादेशात होती. यातल्या एका अंतर्देशीय पत्रावर नेहमीच्या छपाईशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट चिकटवलेलं, 'शरणार्थी सहायता' असं लिहिलेलं. निर्वासितांसाठी तेव्हा टपालावर तसा अधिभार होता. पत्र ९ जानेवारीचं. अक्षर शाळेतल्या गुरुजींचं, कारण आजीला अजून लिहिता येत नव्हतं:

"गुरुवारी रात्री मुलगी झाली. दोघी खुशाल आहोत. बाळूचा खोकला बरा आहे. मनीऑर्डर पोचली. म्हैस आटली. नाव तुम्ही आल्यावर ठेवू."

बाळू म्हणजे पप्पा. पंचांगात पाहिलं, ६ जानेवारी १९७२ गुरुवारच होता. रकाना कोरा का होता तेही कळलं. आजोबांनी तिथूनच मुलगी झाल्याचं पलटणीत कळवलं, आणि नाव ठेवलं घरी आल्यावर, उन्हाळ्यात. ते कळवायचं मग राहून गेलं असणार. आजी त्या साली कसल्या धांदलीत होती, तेही पुढच्या पत्रांतून दिसतं. दुष्काळ पडला होता. ती तान्ही पोर झोळीत टाकून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि कामावर सुकडी, म्हणजे मजुरांना वाटायचा गोड पौष्टिक खाऊ. नवऱ्याला मात्र प्रत्येक पत्रात "इकडची काळजी करू नये". एका पत्रात गुरुजींनी कंसात स्वतःहून एक ओळ घातली आहे: "वहिनींच्या हाताला फोड आले आहेत, त्या सांगत नाहीत." आजी हे आम्हाला कधीच बोलली नाही. सुकडीचं नाव काढलं की फक्त "लई ग्वाड असायची" म्हणायची.

पत्राला पुरावा म्हणून किंमत नाही, हे सांगून ठेवते. पण त्याने महिना आणि वार दिला, आणि तेवढ्यावर तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधता आलं. त्या वर्षी तिथे जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. कुणबी नोंदी शोधायला अख्खा जिल्हा लोटला होता, मोडी वाचणारे भाव खात होते. १९७२ चं जन्ममृत्यूचं रजिस्टर त्यामानाने कालचंच, देवनागरीत. अर्ज, नक्कल फी, पुढच्या आठवड्यात या. पान सापडलं: ६ जानेवारी, स्त्री, बापाचं नाव, गाव, कळवणारा पोलीस पाटील. प्रमाणित नक्कल हातात आली तेव्हा आत्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "आता जूनचा वाढदिवस बंद."

ती नक्कल, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, दोन्ही जन्मतारखांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आजोबांना ही एकच मुलगी होती असा ग्रामपंचायतीचा आणि पोलीस पाटलांचा दाखला, असं सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासह सप्टेंबरमध्ये पुन्हा बेळगावला गेलं. आधार आणि पॅनवरची तारीख आम्ही मुद्दाम बदलली नाही. चालू प्रकरणात एक कागद बदलला की बाकीचे सगळे त्याच्याशी जुळेनासे होतात. डिसेंबरमध्ये पीसीडीएकडे प्रकरण पोचल्याचं कळलं. मधल्या काळात महिन्यातून एक स्मरणपत्र, त्यात मागचा संदर्भ क्रमांक, बस्स. फोनवर भांडू नका, उत्तर देणारा कारकून प्रकरण अडवणारा नसतो.

मार्च २०२५ मध्ये आत्याच्या नावाचा पीपीओ निघाला. पेन्शन आजीच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १२ जानेवारी २०२४ पासून लागू, थकबाकीसह. मेसेज आला तेव्हा ती मशीनवर बसली होती. गिऱ्हाइकाचा ब्लाउज पुरा करूनच उठली. पहिल्या पैशातून तिने शिलाई मशीनला मोटर बसवली आणि माझ्या मुलीला बूट घेतले, काळे, पॉलिशचे. मुलीला बिनलेसचे हवे होते.

तुमच्या घरी आजी किंवा आई फॅमिली पेन्शनवर असेल, तर ती असतानाच तीन गोष्टी बघून घ्या. खात्याचा नॉमिनी जिवंत आहे का. घरात विधवा किंवा अविवाहित मुलगी असेल तर तिचं नाव आणि जन्मतारीख रेकॉर्ड ऑफिसच्या नोंदीत आहे का, कारण आईच्या सहीने हे काम कितीतरी सोपं होतं. आणि पीपीओ, आधार, पासबुक यांवरची नावं जुळतात का.

आत्याला आता दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. शिलाईने बोटं घासली असल्याने अंगठा उठत नाही, म्हणून फोनवर चेहरा दाखवून करतो. उजेड समोरून हवा, चष्मा काढायचा, डोक्यावरचा पदर मागे घ्यायचा. डोळ्यांची उघडझाप करा म्हणतात तेव्हा ती फोटो काढताना बसावं तशी डोळे वटारून बघत बसते, आणि मी "आत्या, पापणी लव" म्हटलं की दोन्ही डोळे घट्ट मिटून घेते. या कामाला शेवटची तारीख गाठू नका.